‘किराया’, ‘भाडे’ आणि ‘परवाना’ : शहरात जागा शोधणाऱ्या पदवीधराची शब्दसामग्री

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण सर्व मराठी प्रदेशात रूढ आहे. घर बांधण्यातील दगदग तीत सांगितली आहे. परक्याच्या घरात मोल देऊन राहण्यातील दगदगीविषयी मात्र ती मौन पाळते. माणूस जन्मलेल्या गावीच राहावयाचा आणि तेथेच त्याचे घर उभे राहावयाचे, हे तीत गृहीत धरलेले आहे. आजच्या पदवीधराची स्थिती याच्या अगदी उलट आहे. नांदेड जिल्ह्यातील देगलूरसारख्या तालुक्याच्या गावातून निघालेला तरुण पुणे, मुंबई किंवा हैदराबाद येथे नोकरी शोधावयास जातो, तेव्हा नोकरीच्या आधी त्याला जागा शोधावी लागते. शिक्षण चालू असेपर्यंत वसतिगृहाचा, अथवा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, स्वाधार यांसारख्या शासकीय योजनांचा आधार काही विद्यार्थ्यांना तरी मिळतो. परंतु हा आधार विद्यार्थिदशेपुरता असतो. पदवी हाती येणे आणि डोक्यावरचे छप्पर जाणे या दोन्ही गोष्टी बहुधा एकदमच घडतात.

या प्रश्नाची आर्थिक बाजू सर्वांना दिसते. त्याची भाषिक बाजू सहसा दिसत नाही. जागेच्या बाजारात जे शब्द चालतात त्यांतील प्रत्येकामागे पैशाची एक रक्कम आणि कायद्याने मानलेला एक संबंध उभा असतो. शब्द ओळखीचा असतो. पण गावात त्याचा एक अर्थ, बाजारात दुसरा आणि दस्तऐवजात तिसरा. हा भेद ध्यानात न घेतल्यास स्वस्त म्हणून घेतलेली खोली महाग पडते, आणि हक्क म्हणून गृहीत धरलेली गोष्ट केवळ सवलत ठरते. प्रस्तुत लेखात अशा काही शब्दांचा मागोवा घेतला आहे.

१. गावाहून नेलेला शब्द : किराया

देगलूर हे महाराष्ट्र, तेलंगण व कर्नाटक या तीन राज्यांच्या सीमा जेथे जवळ येतात अशा भागात वसलेले आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्हा तत्कालीन मुंबई राज्यात आला, तेव्हा देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे मात्र वगळण्यात येऊन आंध्र प्रदेशाकडे गेली. तालुक्याचे असे विभाजन झाले तरी बोलींची सरमिसळ थांबली नाही. या भागात मराठीच्या बरोबरीने दखनी, तेलुगू व कन्नड कानांवर पडतात.

या परिसरातील मराठी माणूस ‘खोली किरायाने घेतली’ असे म्हणतो. पुण्याचा माणूस ‘खोली भाड्याने घेतली’ असे म्हणेल. ‘किराया’ हा शब्द मुळात अरबी असून फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला. मराठवाड्याप्रमाणे विदर्भातही तो रूढ आहे. ‘भाडे’ हा शब्द संस्कृत ‘भाटक’ यापासून प्राकृतद्वारा आलेला आहे. याच ‘भाटक’चे वंशज दक्षिणेकडेही आढळतात : कन्नडमध्ये ‘बाडिगे’, तमिळमध्ये ‘वाडगै’. तेलुगूत मात्र ‘अद्दे’ हा वेगळा शब्द अधिक प्रचारात आहे. तेव्हा देगलूरचा तरुण हैदराबादेस गेला तर त्याला घरांवरील पाट्यांत ‘अद्दे’ दिसेल आणि बोलण्यात स्वतःचाच ‘किराया’ ऐकू येईल. बेंगळूरला गेला तर ‘बाडिगे’ या शब्दात मराठी ‘भाडे’च त्याला थोड्या निराळ्या उच्चारात भेटेल. तो पुण्यास आला तर त्याचा ‘किराया’ सर्वांना समजेल, परंतु तो कोठून आला हेही त्या एका शब्दावरून ओळखले जाईल. जागा मागणाऱ्याच्या बाबतीत अशी ओळख निरुपद्रवी नसते. याचा विचार पुढे येईल.

शब्दांची ही सीमा कायद्याचीही सीमा होती. महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाले तरी घरभाड्याचे तीन निरनिराळे कायदे राज्यात पुढे चाळीस वर्षे चालू राहिले. पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा, विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाडचा आदेश आणि मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा घरभाडेविषयक कायदा लागू होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, तेव्हा हे तिन्ही रद्द झाले. म्हणजे ‘किराया’चा प्रदेश आणि ‘भाडे’चा प्रदेश हे विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कायद्याच्या दृष्टीनेही भिन्नच होते.

२. ‘भाडेकरू’ : संरक्षण मिळालेला शब्द

मराठीत ‘-करू’ हा प्रत्यय लागून यात्रेकरू, बिऱ्हाडकरू, भाडेकरू असे शब्द बनतात. यांपैकी ‘बिऱ्हाडकरू’ हा पेठांतील वाड्यांचा शब्द होय. ‘बिऱ्हाड’ म्हणजे तात्पुरती वस्ती आणि त्या वस्तीतले माणसांसह सारे चंबूगबाळे; ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ या म्हणीत हा दुसरा अर्थ स्पष्ट आहे. मोल्सवर्थच्या कोशात नोंदलेला हा शब्द वाड्यांबरोबरच मागे पडत चालला असून त्याची जागा ‘भाडेकरू’ने घेतली आहे. या बदलाने केवळ नाव बदलले असे नाही. बिऱ्हाडकरूचा मालकाशी असलेला संबंध ओळखीचा व शब्दाचा असे. भाडेकरूचा संबंध कायद्याने बांधलेला आहे.

मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली झाला. गिरण्यांमुळे शहरात लोटलेल्या माणसांना जागा अपुरी होती. विसाच्या दशकात मुंबई विकास खात्याने, म्हणजे ज्यांना लोक आजही ‘बीडीडी’ म्हणतात त्या खात्याने, वरळी, नायगाव, शिवडी व ना. म. जोशी मार्ग येथे २०७ चाळी उभारल्या. त्यांतील एक खोली १६० चौरस फुटांची. तीत एक कुटुंब, आणि पुष्कळदा एकाहून अधिक कुटुंबेही. १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे सामान्यतः ‘प्रमाण भाडे’ मानले आणि भाडेकरूस सहजासहजी काढता येणार नाही अशी व्यवस्था केली. भाडेकरूला यामुळे स्थैर्य लाभले. परंतु भाडे गोठले आणि दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, तसा मालकाचा भाड्याने जागा देण्यातील रस आटला.

भाड्यात जे मागता येईना ते दुसऱ्या वाटेने मागितले जाऊ लागले. तो व्यवहार म्हणजे ‘पागडी’. डोक्यावरच्या पागोट्याचे नाव जागा मिळविण्यासाठी द्यावयाच्या एकरकमी पैशाला मिळाले. १९४७ च्या कायद्याने असा पैसा घेणे गुन्हा ठरविला होता. तरीही तो शब्द आणि तो व्यवहार दोन्ही टिकले. अखेर १९९९ च्या अधिनियमाने या देवघेवीस मान्यता दिली. एखादा व्यवहार निषिद्ध असताना त्याचा वाचक शब्द उघडपणे जनमानसात नांदतो याचे हे उत्तम उदाहरण आहे. नव्याने शहरात आलेल्या पदवीधराला पागडीची जागा परवडण्याचा प्रश्नच नसतो. पण स्वस्त भाड्याच्या जुन्या खोल्या बाजारात का येत नाहीत याचे उत्तर या इतिहासात आहे.

३. ‘परवाना’ : बोलण्यात नसलेला शब्द

पुण्यात खोली घेणारा तरुण स्वतःला भाडेकरू म्हणवतो, महिन्याला देतो त्या रकमेला भाडे म्हणतो आणि कागदाला ‘भाडेकरार’ म्हणतो. तो कागद उघडून पाहिल्यास त्यावर बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ असे शब्द आढळतात. मराठी दस्तांत यालाच ‘अनुज्ञप्ती’ किंवा ‘संमती व परवाना’ असे म्हणतात. म्हणजे बोलीप्रमाणे तो भाडेकरू आहे, दस्ताप्रमाणे परवानाधारक आहे.

हा फरक केवळ नावाचा नाही. भाडेपट्ट्याने जागेचा उपभोग घेण्याचा हक्क मुदतीपुरता भाडेकरूकडे जातो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये त्याची व्याख्या आहे. परवान्याने असा कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. अन्यथा जे राहणे बेकायदा ठरले असते ते परवान्यामुळे बेकायदा ठरत नाही, इतकेच. भाडेकरू जागा धारण करतो. परवानाधारकास तेथे राहू दिलेले असते.

परवान्याची ही वाट भाडेनियंत्रण टाळण्यासाठी रूढ झाली. शासनाने १९७३ साली मुंबई कायद्यात दुरुस्ती करून, १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने राहत असलेल्यांना भाडेकरू मानले. दस्तावरील नाव आणि व्यवहाराचे स्वरूप यांत कशाला महत्त्व द्यावयाचे हा प्रश्न त्यापूर्वीच सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९ च्या निर्णयात न्यायालयाने असे धरले की, दस्तास ‘परवाना’ म्हटल्याने तो परवाना होत नाही. पक्षकारांचा खरा हेतू पाहावयास हवा. पुढे १९९९ च्या अधिनियमाने मात्र राहण्याच्या जागेबाबत चक्र उलट फिरविले. परवान्याचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. आणि मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्यास परवानाशुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणून ‘मी भाडेकरू आहे, मला असे काढता येणार नाही’ हे वाक्य वडीलधाऱ्यांकडून ऐकून जो तरुण शहरात येतो, तो एका जुन्या कायद्याचे वाक्य नव्या कायद्याच्या दारात उच्चारीत असतो.

तथापि याच अधिनियमाचे कलम ५५ त्याच्या बाजूचे आहे, आणि त्याची माहिती सर्वांत कमी आहे. भाड्याचा असो वा परवान्याचा, प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. तशी नोंदणी नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, ते अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आणि कसूर करणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘कागदाचा खर्च कशाला, ओळखीतला माणूस आहे’ असे मालक म्हणतो तेव्हा वाचणारा खर्च दोघांचा असला, तरी टाळली जाणारी जबाबदारी कायद्याने त्याची असते.

४. ‘अकरा महिने’ : कारण संपले, रूढी उरली

करार अकरा महिन्यांचाच का, असे विचारल्यास ‘तशी पद्धत आहे’ असे उत्तर मिळते. पद्धतीचे मूळ नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्याने सक्तीची केली. सबब नोंदणी टाळावयाची तर मुदत वर्षाच्या आत ठेवावयाची, असा मार्ग लोकांनी काढला. महाराष्ट्रात २००० पासून मुदत कितीही असली तरी नोंदणी आवश्यक झाली, म्हणजेच अकरा महिन्यांमागील मूळ कारण नाहीसे झाले. तरी अकराचा आकडा टिकून आहे. भाषेत ज्याप्रमाणे एखादे रूप त्याचा नियम लुप्त झाल्यावरही वाक्प्रचारात गोठून राहते, त्याप्रमाणेच हा प्रकार होय.

गोठलेल्या रूपाने भाषेचे काही बिघडत नाही. गोठलेल्या रूढीने मात्र राहणाऱ्याच्या खिशास तोशीस लागते. दर अकरा महिन्यांनी भाडे वाढविण्याचा किंवा जागा सोडण्याचा प्रसंग येतो. वास्तविक परवान्याचा करार अधिक मुदतीचा करण्यास कायद्याची आडकाठी नाही.

५. ‘अनामत’ आणि ‘दलाली’ : परवडण्याचे खरे गणित

‘अनामत’ हा अरबी ‘अमानत’ या शब्दाचा मराठी अवतार आहे. त्यात ‘म’ आणि ‘न’ यांची अदलाबदल झाली आहे. व्याकरणात यास वर्णविपर्यय म्हणतात. मूळ अर्थ विश्वासाने सोपविलेली वस्तू असा आहे. जी सोपविली ती परत करावयाचीच असते, ही कल्पना शब्दातच आहे. आजच्या बोलण्यात ‘डिपॉझिट’ने ‘अनामत’ला मागे सारले आहे, आणि जणू शब्दाबरोबर ती कल्पनाही पुसट झाली आहे, कारण जागा सोडताना रंगकामाच्या, दुरुस्तीच्या किंवा सूचना न दिल्याच्या सबबीवर तीतून रकमा कापल्या जातात. ‘दलाल’ हाही अरबी शब्द. वाट दाखविणारा असा त्याचा मूळ भाव. वाट दाखविण्याचे मोल पुष्कळदा एका महिन्याच्या भाड्याएवढे घेतले जाते.

या दोन शब्दांचा हिशेब कल्पित आकड्यांनी मांडून पाहता येईल. एका खोलीचे भाडे दरमहा ८,००० रुपये, अनामत तीन महिन्यांची व दलाली एका महिन्याची आहे असे समजू. पहिल्या दिवशी भाडे ८,०००, अनामत २४,००० व दलाली ८,००० मिळून ४०,००० रुपये लागतात. पहिला पगार हाती येण्यापूर्वीची ही रक्कम आहे. ती बहुधा देगलूरच्या घरातून येते. सोयाबीनच्या पट्टीतून, उसनवारीतून किंवा बहिणीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून.

आता तरुणाने अकरा महिन्यांनी जागा सोडली आणि अनामतीतून ४,००० रुपये कापले गेले, तर त्याचा एकूण खर्च भाडे ८८,०००, दलाली ८,००० व कपात ४,००० असा १,००,००० रुपये होतो. म्हणजे महिन्यास सुमारे ९,०९१ रुपये. याउलट ८,३०० रुपये भाड्याची खोली तेहतीस महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर घेतली, आणि दलाली एक महिन्याची व कपात तेवढीच धरली, तर एकूण २,८६,२०० रुपये, म्हणजे महिन्यास सुमारे ८,६७३ रुपये पडतात. जिचे भाडे अधिक ती खोली स्वस्त ठरली. ‘परवडणारी जागा’ याचा अर्थ कमी भाड्याची जागा असा घेतला जातो. खरे पाहता तो अर्थ मुदत, अनामतीची परतफेड आणि दलाली यांच्या बेरजेतून काढावयास हवा.

केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहण्याच्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी अशी तरतूद आहे. परंतु हा नमुना आहे. तो स्वीकारणे राज्यांवर सोपविलेले आहे.

६. ‘कॉट’, ‘फॅमिली’, ‘बॅचलर’ : अर्थसंकोचाचे तीन नमुने

पुण्याच्या सदाशिव, नारायण आदी पेठांत, जेथे स्पर्धापरीक्षांचे विद्यार्थी व अभ्यासिका यांची दाटी आहे, तेथे ‘कॉट बेसिस’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. येथे भाड्याची वस्तू खोली नसून खोलीतील एक खाट होय. पूर्वी चाळीतील खोली हे राहण्याचे सर्वांत लहान परिमाण होते. आता ते खाटेपर्यंत आले. अशा ठिकाणी राहणाऱ्यास पुष्कळदा कोणताही लेखी करार मिळत नाही, मग नोंदणी तर दूरच. भाडे कमी, पण शब्दाखेरीज हाती काही नाही, असा हा व्यवहार आहे. निदान दरमहा दिलेल्या रकमेची पावती, आणि ती रक्कम बँकेमार्फत देण्याचा प्रघात, एवढे तरी त्याने राखावे.

‘फक्त फॅमिलीसाठी’ या जाहिरातीत ‘फॅमिली’चा अर्थ कुटुंब एवढा व्यापक राहत नाही; विवाहित जोडपे, एवढाच तो उरतो. शिकलेल्या दोन बहिणी एकत्र राहू पाहत असल्या तर त्या ‘फॅमिली’ होत नाहीत. ‘बॅचलर’ या शब्दाची गत अधिक विलक्षण आहे. इंग्रजीत हा एकच शब्द पदवीधर व अविवाहित या दोन्ही अर्थांनी चालतो. ज्या तरुणाने ‘बॅचलर ऑफ आर्ट्स’ किंवा ‘बॅचलर ऑफ सायन्स’ ही पदवी अभिमानाने मिळविली, त्यालाच सोसायटीच्या दारावर ‘बॅचलरना जागा नाही’ ही पाटी वाचावी लागते. एका शब्दाने त्याला गावातून बाहेर काढले आणि त्याच शब्दाने शहरात आत येऊ दिले नाही.

काही शब्द तर अर्थ सांगण्याऐवजी तो झाकण्यासाठी वापरले जातात. ‘शाकाहारीच हवेत’, ‘आडनाव काय?’, ‘मूळचे कुठले?’ ही वाक्ये वरवर चौकशीची आहेत. त्यांच्यामागे जात व धर्म यांची चाचपणी असू शकते. नकार मिळतो तो ‘आत्ताच जागा गेली’ या वाक्याने. दलित व मुसलमान पदवीधरांना हे वाक्य इतरांपेक्षा अधिक वेळा ऐकावे लागते, आणि ते वादास जागाच देत नसल्याने त्याविरुद्ध दाद मागणेही कठीण होते. मराठवाडी वळणाचा ‘किराया’ अशा वेळी आणखी एक खूण ठरतो.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, शहरातील जागेचा बाजार हा बऱ्याच अंशी अर्थांच्या गोंधळावर चालतो. ‘भाडे’ म्हणावयाचे आणि ‘परवाना’ द्यावयाचा. ‘अनामत’ म्हणून घ्यावयाची आणि शुल्कासारखी खर्चावयाची. कारण नसलेल्या ‘अकरा महिन्यां’ना नियम म्हणावयाचे. या गोंधळाचा तोटा ज्याच्याजवळ कमीत कमी पैसा आहे त्यालाच सर्वाधिक होतो, कारण दुसरी जागा पाहण्यास त्याच्यापाशी वेळ नसतो आणि नातलगही नसतात.

म्हणून करारावर सही करण्यापूर्वी पदवीधराने दस्तातील ‘लिहून देणार’ व ‘लिहून घेणार’ या दोन नावांखालचा मजकूर स्वतः वाचावा. दस्त भाडेपट्ट्याचा आहे की परवान्याचा, मुदत किती, मुदतीपूर्वी सोडल्यास किती दिवसांची सूचना द्यावयाची, अनामतीतून कोणत्या कारणास्तव व किती कपात होईल आणि ती किती दिवसांत परत मिळेल, नोंदणी कोण व केव्हा करणार, या पाच प्रश्नांची उत्तरे त्यात शब्दांत लिहिलेली असावीत. तोंडी दिलेले आश्वासन कितीही गोड असले तरी नोंदणीकृत दस्तापुढे त्याचे वजन फारसे राहत नाही.

महाविद्यालयांतून व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात अर्ज व पत्रलेखन शिकविले जाते. त्यांच्या जोडीस परवान्याच्या कराराचा एक नमुना वाचून घेतला गेला, तर देगलूरच्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग पदवीनंतरच्या पहिल्याच महिन्यात होईल. भाषेचे शिक्षण जगण्यास उपयोगी पडावे अशी अपेक्षा नेहमी व्यक्त केली जाते. चार पानांचा तो दस्त समजून सही करणे हा त्या अपेक्षेच्या पूर्तीचा एक साधा मार्ग होय.